गाठींचं पिवळं

लेक : हळू बोला, बाबा. ती अजून जिन्यातच असेल.

बाबा : जिन्यात नाही. बेकरीतून यायला तिला वेळ लागतो. पूर्वी नुसता पाव आणायची, हल्ली पावाची चौकशी करते.

लेक : कसली चौकशी?

बाबा : कधी भाजला, किती भाजला, भट्टीच्या कुठल्या कोपऱ्यात होता. बेकरीवाल्यानं परवा मला बाजूला घेऊन विचारलं, काका, घरी सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, ठीकच्याही पुढे गेलंय.

लेक : आणि हे सूप?

बाबा : मशरूमचं. वर हिरवं शिंपडलंय ते बाजूला काढू नकोस, खायचं असतं. मी पहिल्यांदा काढलं होतं, तर ती काही बोलली नाही. तेव्हा मी जास्त घाबरलो.

लेक : चांगलं झालंय.

बाबा : हो.

लेक : म्हणजे खरंच चांगलं झालंय, बाबा.

बाबा : मी कुठे नाही म्हणतो? रडगाणं तेच आहे.

लेक : हे कधीपासून चाललंय?

बाबा : उन्हाळा सरला तशी तिनं मशीनवर चादर टाकली. सुई दिसत नाही, आता शिलाई बंद, म्हणाली. मला वाटलं, चला, बाई जन्मभर दुसऱ्यांचे कोट शिवत बसली, आता जरा पाय पसरेल. तर दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाच्या वर्गाला नाव घालून आली. वर्गात बाकी सगळ्या लग्न ठरलेल्या पोरी. तिथल्या बाई हिला म्हणाल्या, मावशी, तुम्हाला आता काय शिकवायचं? ही म्हणाली, पहिल्यापासून.

लेक : असं म्हणाली ती?

बाबा : पहिल्यापासून म्हणजे कांद्यापासून. घरी येऊन माझ्यासमोर कांदा धरला आणि म्हणाली, अहो, आपण याला आजवर उलटा धरत होतो.

लेक : मग तुम्ही काय केलंत?

बाबा : जेवलो. दुसरं काय करणार? तेव्हापासून या घरात मी उत्तम जेवतोय, भिंगरे, आणि कुणाला सांगायची सोय नाही. शेजारी सांगावं तर म्हणतील, म्हाताऱ्याला सुख टोचतंय.

लेक : मला वाटलं होतं, दार उघडलं की तो वास येईल. जरासा लागलेला.

बाबा : तळाला.

लेक : तळाला. आणि त्यात ते गाजर. बसमध्ये काच बंद होत नव्हती, अख्खा रस्ता कुडकुडत आले, पण डोक्यात एकच, घरी गेलं की आईचं ते पिवळं सूप प्यायचं. दार उघडलं आणि नाकात शिरली ती केकमधली दालचिनी.

बाबा : दालचिनीची मलाही सवय झालेली नाही. कुणाकडे तरी आलोय आणि आता निघायला पाहिजे, असं वाटत राहतं.

लेक : तुम्ही तिला बोलला का नाहीत?

बाबा : काय बोलू? अगं, तुझा स्वयंपाक फार सुधारलाय, तेवढा बिघडव? वजनमापे खात्यात नोकरी झाली माझी. माप कमी भरलं की दंड लावायचा, एवढं मला येतं. जास्त भरलं तर काय करायचं, त्याचा नियमच नव्हता.

लेक : पूर्वी या टेबलावर केवढा दंगा असायचा. तुम्ही पिवळ्यात चमचा उभा करायचात...

बाबा : आणि ती म्हणायची, बघा, तुमच्यापेक्षा ताठ उभा आहे. आता कुठून बोलायला सुरुवात करायची? पहिल्या घोटाला मी 'छान झालंय' म्हणतो, ती 'हो ना' म्हणते, संपलं. पुढे नुसते चमचे वाजतात. काल आम्ही दोघं हवामानावर बोललो.

लेक : हवामानावर?

बाबा : थंडी आहे, असं दोघांचंही मत पडलं.

लेक : मी सांगते तिला.

बाबा : जपून सांग. तू येणार म्हणून आठवडाभर तयारी चालली होती तिची. हे सूप मी आधी तीनदा प्यायलोय. प्रत्येक वेळी विचारायची, भिंगरीला आवडेल ना? तिच्या तोंडावरची धाकधूक बघवत नव्हती गं.

(दार उघडतं. आई पावाची पिशवी घेऊन आत येते.)

आई : अहो, मफलर न घालता खिडकीशी काय बसलात? आणि भिंगरे, वाडगा अजून भरलेलाच? आण इकडे, गरम करते. मंद आचेवर हं, नाहीतर फुटतं ते.

लेक : राहू दे आई. छान झालंय.

आई : मिरी जास्त नाही ना पडली?

लेक : नाही.

आई : आणि दाटपणा? आमच्या बाई म्हणतात, चमच्याच्या पाठीवरून बोट फिरवलं की रेघ राहिली पाहिजे.

बाबा : राहते. मी तपासली.

आई : गाठी?

बाबा : नाहीत.

आई : एकही नाही?

बाबा : शोधली.

आई : मग तुम्हा दोघांची तोंडं अशी का? मी गेल्यावर काहीतरी शिजलंय इथे. भिंगरे, बरी आहेस ना तू? तिकडे काही झालंय का?

लेक : काही झालं नाही. आई, मला पिवळं करून देशील?

आई : कुठलं पिवळं?

लेक : कुठलं म्हणजे? आपलं. बटाटा, गाजर, कणीक.

आई : थट्टा करतेस?

लेक : नाही गं.

आई : कर, कर. गेल्या खेपेला फोनवर केलीस, आता तोंडावर कर.

लेक : फोनवर कधी केली मी?

आई : गेल्या हिवाळ्यात. तू आतल्या खोलीत होतीस, मी इथे पाव कापत होते. जावयांना सांगत होतीस, आमच्या आईच्या सूपनं भिंतीची भेग बुजवता येईल. ते इतके हसले की पलीकडून मला इथवर ऐकू आलं.

लेक : आई...

आई : मीही हसले. विनोद चांगला होता. यांनी केला असता तर मीच चार गिऱ्हाइकांना सांगितला असता. पण आपण इथे बसून हसायचं निराळं. त्या माणसानं मला पाहिलंय किती? लग्नात, आणि त्याच्या आधी एकदा. आता त्याच्या डोक्यात सासू म्हणजे भिंतीची भेग. अगं, तुझ्या शाळेतल्या निम्म्या पोरींचे कोट या हातांनी शिवले. एका बाहीला कधी चुणी पडली नाही. ते कुणी फोनवर सांगितलं नाही.

बाबा : हे मला कधी बोलली नाहीस.

आई : तुम्ही त्या भेगेवर आणखी एक मजला चढवला असता. म्हणून नाही बोलले.

लेक : चुकलं माझं. तो आपल्यातला झालाय असं धरून बोलून गेले. पण एक ऐक. मध्यंतरी मला ताप आला होता, तेव्हा तो कामासाठी बाहेरगावी होता. शेजारच्या काकूंनी सूप आणून दिलं. अगदी असंच, वर हिरवं घातलेलं. मी ते प्यायले आणि मला रडूच आलं.

आई : मला का नाही कळवलंस?

लेक : तू धावत आली असतीस म्हणून. काकू गेल्या, मी उठले, अंगावर रजई घेऊन गॅसपाशी उभी राहिले आणि पिवळं करायला घेतलं. जमलंच नाही.

आई : त्यात न जमण्यासारखं काय आहे?

लेक : गाठी येईनात. पाणी उकळलं, कणीक टाकली, ढवळली, तर छान एकजीव झालं सगळं.

आई : ढवळलंस कशाला?

लेक : मग नाही ढवळायचं?

आई : ढवळायचं, पण ते मशीनवर बसल्यावर आठवतं. मूठभर कणीक एकदम उकळत्या पाण्यात सोडायची आणि आत निघून जायचं. एक बाही जोडायची. बाही लावताना मध्ये उठता येत नाही, कापड सरकतं. बाही झाली की येऊन गाजर टाकायचं, आणि दुसरी बाही.

बाबा : आणि कॉलर?

आई : कॉलरला तळ लागतो.

लेक : म्हणजे किती मिनिटं?

आई : मिनिटं कोण बघत होतं? ते कापडावर आहे. सुती सदरा असला तर तळ नुसता रंग धरतो. जाड कोट असला तर ते भांडं यांनी घासायचं.

बाबा : हिवाळ्यात सगळे कोटच असायचे.

लेक : म्हणून हिवाळ्यात जास्त चांगलं लागायचं ते.

आई : चांगलं? अगं, शिलाईच्या गर्दीत मेलं कसंतरी उकळून समोर ठेवायची मी. आत गेले की मनात यायचं, पोरगी परीक्षेचा अभ्यास करतेय आणि मी तिला हे खायला घालतेय. रात्री यांच्यासमोर भांडं उघडायची लाज वाटायची.

लेक : मला ते हवंय, आई. तू शिकलीस ते सगळं मी खाईन. परवा तो येतोय, त्याला हे मशरूमचं दे, केक दे, तोंडात बोटं घालू दे त्याला. पिवळ्याला नावं ठेवायचा हक्क त्यानं अजून कमावलेला नाही. पण आज मला ते कर.

आई : आज कसं करू? मी आता गॅसपाशी उभी राहिले की हात आपोआप ढवळायला लागतो. वर्गानं सवय लावली. आणि शिवायला काही नाही घरात.

बाबा : माझ्या कोटाची बाही उसवली आहे.

आई : कधी उसवली?

बाबा : आत्ता.

आई : अहो, कात्री ठेवा ती खाली. चांगला कोट होता.

बाबा : कॉलरही घेऊ का?

आई : द्या इकडे. कॉलरही अस्तरासकट ओढलीत. वजनमापेवाले ना तुम्ही, एक टाका नीट उसवता येत नाही. भिंगरे, मशीनवरची चादर काढ आणि मला सुई ओवून दे. अहो, पाणी ठेवा. उकळलं की हाक मारा.

लेक : उकळलं गं.

आई : मग टाका कणीक. अशी भुरभुरवू नका, एकदम. टाकलीत? आता दोघंही मागे सरा. मला इथून दिसत नसलं तरी कळतं.

लेक : बाबा, हात मागे घ्या.

बाबा : चमचा नुसता धरलाय.

आई : धरायचाही नाही. आता माझी बाही होईपर्यंत मला कुणी हाक मारायची नाही.

लेक : बाबा, तिच्या मशीनचा आवाज ऐकलात? पूर्वी मला याच आवाजात झोप लागायची.

बाबा : मला अजून लागत नाही तो बंद झाल्यापासून. तिला सांगू नकोस. गाजर कापून ठेव. जाड काप, एकसारखे नको.

लेक : गाजर टाकलं. आता तळाला लागायला लागलंय.

बाबा : लागू दे. कॉलर व्हायची आहे.

आई : झाली. घ्या तुमचा कोट. आता बघू त्या भांड्यात. अरे देवा, हे मी तुम्हाला वाढू?

लेक : वाढ.

आई : थांबा, आधी मी बघते. गाजर कच्चं, बटाटा दिसतच नाही, आणि ही गाठ केवढी, आत कोरडं पीठ आहे. मीठ... मीठ घातलंच नाही मी.

बाबा : कधी घालायचीस?

आई : इतकं वाईट होतं?

लेक : इतकं नव्हतं. आज बाही एकच होती ना.

आई : आणि हे तुम्ही खात होतात. एवढी वर्षं. आवडत होतं तर कधी तोंडानं सांगितलं का नाहीत?

बाबा : रोज सांगत होतो.

आई : रोज नावं ठेवत होतात.

बाबा : हो. आणि वाडगा पुढे करत होतो.