ऐदीनच्या हातातली रोटी

माननीय अध्यक्ष इस्मतुल्ला-आका, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, कोकंदच्या या नाट्यगृहातले लहानथोर कलावंत, मागे भिंतीला टेकून उभे असलेले रसिक, आणि आज ज्यांना निरोप द्यायचा आहे त्या आमच्या मुअत्तर-आपा,

मी साबित, इथला प्रॉम्प्टर. दुसऱ्यांची वाक्यं पुरवणं माझं काम. स्वतःची बोलायची सवय नाही.

आपल्या जुन्या नाटकातली ऐदीन शेवटी नवऱ्याचं घर सोडते. सासू पुढे रोटी धरते. आपली रीतच ती. जाणाऱ्याने एक घास तोडायचा आणि उरलेली रोटी तो परत येईपर्यंत भिंतीवर टांगून ठेवायची. ऐदीन रोटी ओठांपाशी नेते आणि पडदा पडतो. तिने घास घेतला का? संहिता मी अक्षर न् अक्षर लावून वाचली आहे. तिथे साधा पूर्णविरामसुद्धा नाही.

एका प्रयोगाला पुढच्या रांगेतल्या आजी उठून ओरडल्या, "चाव गं पोरी! नाहीतर परत कशी येशील?"

ऐदीन झालेल्या आपा तिथल्या तिथे म्हणाल्या, "आजी, मला भूक नाही."

लोक हसले. मग कुणीच हसेना.

अध्यक्षमहाराज, राग मानू नका, पण तुम्हीही एकदा विनवलं होतंत, "आपा, चावा एकदाची! बायका रडत घरी जातात."

"जाऊ देत की. आज नवरे चहा करतील."

आता आपाच निघाल्या आहेत. भाच्याने घर देऊ केलं, पण त्या चालल्या दूर खीवा शहराला, एकट्या. तिथे काय करणार, विचारलं तर म्हणाल्या, "उशिरा उठणार."

आज सकाळी मी तंदूरवरून गरम रोटी घेऊन त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, "आपा, एक घास. नाटकातला नाही, खरा." त्यांनी रोटी हातात घेतली, हुंगली, आणि माझ्या हातात परत ठेवली.

"साबितजान, टांगलेली रोटी वाळते रे. त्यापेक्षा आज सगळे मिळून खा. आणि माझी वाट बघू नका, म्हणजे मला कधी यावंसं वाटलं तर लाजत यावं लागणार नाही."

यातून त्या येणार असं समजायचं की नाही? खूप विचार केला. मला काही समजलं नाही.

ती रोटी इथे ताटात आहे. तुकडे केले आहेत, सगळ्यांना पुरतील. कृपया वाळायच्या आत घ्या.

आपा, तुमचे आभार. सभागृहाचे आभार. शब्द चुकले असतील तर पोटात घाला. आणि माझ्या खोलीत रोटीसाठी मी कालच एक खिळा ठोकून ठेवला आहे, तेवढी आगळीक माफ करा. तो काढायला माझा हात धजत नाही.