दोन्हीकडे क्वाचाच

सुज्ञ वाचकहो, पुढील संवादात आमचा मलावी देश व शेजारचा झांबिया देश यांनी माध्यमिक शिक्षणावर केलेल्या खर्चाची तुलना येईल. ती एका घरास केवढ्यास पडली, तेही येईल. आमच्यात भाचीचा निर्णय मामाचा, आणि लग्न ठरते ते दोन्हीकडच्या मामांनी कोंबडा व कोंबडी यांची अदलाबदल केल्यावर. बोलणारे दोघे : निवृत्त शिक्षक याकोबे आणि त्यांची धाकटी बहीण एनेलेसी, जी सीमेपलीकडे झांबियातल्या चिपाटाच्या बाजारात शेंगदाणे विकते. मी कुंपणाआड सायकलीचे चाक सरळ करीत होतो. ऐकले तेच लिहितो.

एनेलेसी : अहो, मग पाय बांधा ना त्या कोंबडीचे! कधीची काखेत धरून बसलाय. नवऱ्याकडची लोकं आंब्याखाली येऊन थांबलीत.

याकोबे : थांबू देत. एने, तू सकाळपासून माझ्याशी नीट बोलली नाहीस.

एनेलेसी : बोलून काय करू? माझी तियामिके अठराची झाली, शाळा सुटली, आता लग्न.

याकोबे : शाळा मी सोडवली नाही.

एनेलेसी : छे, तुम्ही कशाला! दोन तासांच्या वाटेनं सोडवली. नव्वद पोरांच्या वर्गानं, सहा जणींत एका पुस्तकानं सोडवली. चिपाटाची मावशी सांगत होती, इकडे फी माफ झालीय, पोरीला माझ्याकडे ठेव. नाही कोण म्हणालं?

याकोबे : मी म्हणालो, परंतु पूर्ण विचारांती. हे कात्रण बघ, बायबलात जपून ठेवलंय. ‘एका माध्यमिक विद्यार्थ्यामागे सरकारचा वार्षिक खर्च.’ आपला आकडा पाच अंकी, त्यांचा अवघा चार अंकी. जे सरकार जास्त खर्च करतं, तिथेच मुलीनं शिकावं. यात माझं काय चुकलं?

एनेलेसी : आकडे कशाचे?

याकोबे : क्वाचाचे.

एनेलेसी : दोन्हीकडे?

याकोबे : दोन्हीकडे क्वाचाच.

एनेलेसी : कुणाचा क्वाचा, दादा?

याकोबे : म्हणजे?

एनेलेसी : म्हणजे काय म्हणजे! क्वाचा म्हणजे आपल्या बोलीत उजाडलं; दोन्ही देशांनी आपापल्या पैशाला तेच नाव दिलंय. दोघांच्या दारी उजाडलं म्हणून दोघांच्या चुलीवर मक्याची न्सिमा सारखीच शिजते का? त्यांचा एक क्वाचा नाक्यावर मोडला, की आपले पन्नासाच्या वर पदरात पडतात.

याकोबे : ते ठाऊक आहे मला. पण मी समजलो, वर्तमानपत्रानं दोन्ही रकमा आपल्याच क्वाचात करून छापल्या असतील. खाली एक बारीक ओळ होती खरी.

एनेलेसी : काय होतं तिच्यात?

याकोबे : वाचली नाही. कापताना कात्रीखाली गेली. म्हणजे एने, तो चार अंकी आकडा… आपल्यापेक्षा कितीतरी मोठा होता.

एनेलेसी : मला का नाही विचारलंत?

याकोबे : तुला वाचता येत नाही.

एनेलेसी : वाचता येत नाही. मोजता येतं.

याकोबे : एकतीस वर्षं मी फळ्यापुढे ओरडत होतो, उत्तरापुढे एकक लिहा, नाहीतर गुण नाही…

एनेलेसी : काय म्हणालात? एकक?

याकोबे : हो. रक्कम कशात मोजली, ते.

एनेलेसी : देवा रे! हाच शब्द म्हणाली होती ती. तुम्ही कात्रण वाचून दाखवलंत, त्या दिवशी. मला म्हणाली, आई, मामानं एकक लिहिलं नाही.

याकोबे : तू काय म्हणालीस?

एनेलेसी : मला काय ठाऊक एकक कशाशी खातात! म्हटलं, मामाच्या चुका काढतेस? ऊठ, भांडी घास.

याकोबे : आणि ती?

एनेलेसी : उठली. घासली.

याकोबे : …ते हाका मारतायत. कोंबडी दे इकडे.

एनेलेसी : तुमच्याच हातात आहे, दादा.

येथे माझी लेखणी खाली ठेवतो. मीही आठवीपुढे गेलो नाही, तरी आपण शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
योसेफाती म्वाले