निफाडची लाईट आणि माझं तिकीट

परवा नाशिकरोडहून नागपूरला निघालो, तेव्हा मोबाईल बंद पडायच्या बेतात होता. आमच्या बाकांजवळ एकच प्लग चालू होता. मी चार्जर लावतोय तोच समोरचे काका म्हणाले, “दादा, आधी मला द्या. निफाडला द्राक्षबागेतली मोटर चालू राहिली. पाणी जास्त झालं तर मणी तडकतील.”

“गाडीतून कशी बंद करणार?”

“स्टार्टरमध्ये सिमकार्ड हे. फोन लावला की बंद होती.”

“मग माझ्या मोबाईलवरून लावा.”

“दुसऱ्याचा नंबर तो घेत नाय.”

स्टार्टरच एवढा मानी म्हटल्यावर मी चार्जर काढला. काकांचा मोबाईल जिवंत झाला. त्यांनी फोन लावला. पलीकडून रेकॉर्ड केलेली बाई म्हणाली, “वीजपुरवठा बंद आहे.”

“चला, मोटर बंदच आहे. आता मी लावू?”

“नाय ना! लाईट आली की ती आपोआप चालू होती. मग मला बंद करावी लागंल. तोवर प्लग राहू द्या, काढला की माझा मोबाईल लगेच बंद पडतो.”

जळगावच्या आधी टीसी आला, तेव्हा माझा मोबाईल विझलेला. तिकीट त्यातच.

काकाच म्हणाले, “साहेब, तिकीट हे त्यांच्याकडं. निफाडला लाईट आली की दाखवतील.”