रोज चार वाजता अडकणारं लग्न

नाही, म्हणजे तुम्हीच सांगा, माणसाने स्वतःच्या पोरीचं लग्न आयुष्यात किती वेळा लावायचं? एकदा! पण खांदा कॉलनीतल्या आमच्या उदयसिंहांना ते रोज लावावं लागतं, दुपारी चार वाजता, चहा झाला की, टीव्हीवर... आणि एवढं करून ते लागतच नाही! तुम्हाला सांगतो, त्यांची बायको रमा, शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेली बाई, आता डोक्यातून एकेक गोष्ट निसटत चाललीय, दुपार कलली की "मला घरी जायचंय" म्हणून स्वतःच्याच घराची कडी ओढत बसते. डॉक्टर म्हणाले, आवडीचं काहीतरी दाखवत जा. आवडतं एकच, लेकीच्या, सईच्या लग्नाचा व्हिडिओ. तो लावला की बाई शांत, पदर नीट करून सोफ्यावर. आणि भटजी म्हणतात, शुभमंगल साव... आणि गोल! पडद्यावर ते मेलं चक्र फिरतंय, फिरतंय, अंतरपाट धरणाऱ्यांचे हात वरच्या वर, आणि "धान" काही येत नाही!

की रमा उठलीच. "अहो, थांबलं का? मुलाकडचे रुसले वाटतं! मानपानात काही राहिलं का? जा ना, पाया पडा त्यांच्या!" आणि बासष्ट वर्षांचा हा माणूस टीव्हीमागच्या भिंतीपुढे हात जोडून उभा राहतो, "चुकलं आमचं, या मांडवात, या!" हसताय? हसा! एकदा ते चक्र नऊ मिनिटं फिरलं, रमा रडून रडून कासावीस झाली, त्या दिवशी उदयसिंह मोरीत नळ सोडून किती वेळ बसले होते ते विचारा.

मग दुरुस्ती. राउटर बंद करून चालू केला... शुभमंगल साव... आणि गोल! टीव्ही पुसला. हो, पुसला, माणूस काय वाट्टेल ते करतो! इंटरनेटवाल्याला बोलावलं, तो म्हणतो, "अंकल, प्लॅन वाढवून घ्या ना, एकदम मक्खन चालेल." अरे बाबा, लग्न घरातच आहे! आतल्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर सईने सगळे व्हिडिओ भरून ठेवलेत, तिथून वायफायवर हॉलमधल्या टीव्हीवर येतात, बारा पावलं अंतर, त्यात तुझ्या प्लॅनचा संबंध काय? "तरी पण अंकल, बघा वाढवून." वाढवला! शुभमंगल साव...

आणि सईचं काय सांगू? तिचा घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली हो! पोरगी याच घरात असते, लॅपटॉपवर नोकरी करते, आईला वाटतं माहेरपणाला आलीय. म्हणजे बघा, मोडलेलं लग्न रोज न अडकता लागावं म्हणून ती बिचारी स्वतः टेबलाखाली शिरून वायरी तपासते! म्हणाली, "बाबा, अक्षता उडतात ना, तिथे चित्र जड होतं, वायफायला पेलवत नाही. वाटेत लोखंडबिखंड काहीतरी आड येतंय."

आड काय येणार? कॉम्प्युटरच्या पुढ्यात चादर टाकून काहीतरी छातीइतकं रचलेलं. उदयसिंहांनी चादर ओढली. भांडी! हंडा, कळशी, पराती, स्टीलचे डबे... सईला लग्नात दिलेली, सासरहून टेम्पोतून परत आलेली, कुणाचा हात लावायचा धीर झाला नाही म्हणून तशीच भिंतीसारखी उभी. आणि एकेका भांड्यावर कोरलेलं, चि. सौ. कां. सई हिस, आई-बाबांकडून सप्रेम.

दोघांनी ती उचलून जेवणाच्या टेबलाखाली सरकवली. चार वाजले. शुभमंगल सावधान! धान, अहो, धान आलं! वाजंत्री वाजली, हार पडले, उदयसिंहांनी टाळ्या पिटल्या, दारात उभी सईसुद्धा हसली. रमा तर अशी खुशीत, सगळ्यांचं तोंड गोड करते म्हणाली, साखर शोधत शोधत टेबलापाशी वाकली आणि एक डबा ओढला. तीस वर्षं पेपर तपासलेली नजर, अक्षर दिसल्यावर वाचल्याशिवाय राहील? वाचलं.

"ही तर सईबरोबर पाठवली होती ना आपण? परत कशी आली?"

सईने डबा घ्यायला हात पुढे केला, रमाने तो सोडला नाही.

"सई... तुला टाकलं का गं त्यांनी?"

"नाही गं आई, मीच निघून आले," सई म्हणाली, पण ऐकतंय कोण? दोन वर्षांपूर्वी जशी बसली होती तशीच रमा मटकन खाली बसली, तोच हंबरडा, अगदी पहिल्यांदा कळल्यासारखा. वाईट वाटतं हो सांगायला! एकच दुःख त्या बाईला दोनदा नवं कोरं मिळालं, आणि सईला आईची तीच समजूत तेच शब्द वापरून पुन्हा काढावी लागली.

सकाळी रमा विसरली. ही दोघं कशी विसरतील? रमा जिथे फिरकत नाही अशी जागा घरात तेवढी एकच, म्हणून बाप-लेकीने भांडी उचलली, होती तिथे, होती तशी रचली, वर चादर टाकली. चारला चहा, सोफा, पदर... शुभमंगल साव... आणि गोल!

"अहो, मुलाकडचे रुसले वाटतं!"

"नुसते रुसलेतच ना?" उदयसिंह गुडघ्यावर हात टेकून उठले. "मग काही नाही. जातो, पडतो पाया."