बहिणीच्या गावाकडे जाणारं पाणी

—छे छे, एवढी कसली घाई, मॅडम? बाटली ठेवा खाली, बसा. मैलापाणी काय पळून जातंय होय? सगळं शहर सकाळी उठून आमच्याकडेच पाठवतंय, तुमच्या प्रयोगशाळेला पुरून उरेल. —वास? कसला वास? हां, तो. नव्या माणसाला येतो. वीस वर्षांत मला नाक उरलंय कुठे— बायको म्हणते, दूध करपलं तरी तुम्ही पेपर वाचत बसता.

कवळीचं ऐकलंत का? नाही? मग ऐकाच. ती जाळी दिसते ना, कचरा अडवायची— तिच्यावर एकदा दातांची कवळी आली. अख्खी, हसत! मी धुतली, फाटकावर पाटी लावली. तीन दिवसांत तीन म्हातारे आले, आणि शपथेवर सांगतो, तिघांनाही बसली. —हसा, हसा. तेवढीच पाच मिनिटं गेली. —काही नाही हो, म्हटलं वेळ बरा जातो.

काम म्हणाल तर साधं. या टाकीत घाण खाणारे जिवाणू असतात. त्यांना हवा लागते, तुमच्याआमच्यासारखीच. तो ब्लोअर रात्रंदिवस हवा सोडतो, ते खातात, नदीत स्वच्छ पाणी जातं. गुणी मंडळी. पगारवाढ मागत नाहीत, युनियन करत नाहीत. फक्त हवा बंद झाली की दोन-तीन दिवसांत खलास. —आवाज ना? भयंकर. फोन आला की काही ऐकू येत नाही. मग आम्ही काय करतो, बटण बंद, दोन मिनिटं बोलायचं, बटण चालू. सगळेच करतात. —लिहून घेताय होय? नका हो लिहू, गप्पा चालल्यात.

गुरुवारी धाकट्या बहिणीचा फोन आला. नदीकाठीच असते, बसने दीड तास खाली. म्हणाली, “दादा, नुसता येतो येतो म्हणतोस, आता नाही आलास तर मीच येते तुझी कॉलर धरायला!” बटण बंद करून बोललो, आणि इतका खूश झालो— पिशवी उचलली, बस पकडली. तीन दिवस राहिलो. —बदलीचा माणूस? तो सही करतो आणि घरी जातो. त्याला वाटलं, दुरुस्ती चाललीय. आता कळलं ना, बटण... मी बसने पुढे गेलो आणि पाणी माझ्या मागून आलं. काळं.

काल परतलो तर टाकी गप्प. लगेच चालू केलं. पण मेलेले काय उठतात? नवे वाढायला पंधरा दिवस लागतात.

सकाळी पुन्हा तिचा फोन. डोहात मासे मरून वर आलेत म्हणाली, “दादा, तुला पाण्यातलं कळतं, प्यायला चालेल का?” गावाला प्यायचं पाणी देणारी मोटर त्याच डोहात आहे, मॅडम. मी काय म्हटलं? म्हटलं, उन्हानं मेले असतील. उन्हानं! आयुष्यभर थापा मारल्या, पण त्यांनी कुणाचं पोट बिघडलं नव्हतं. तिच्या लहान मुलीला रात्रीपासून उलट्या होतायत...

—अहो, तिथून नका भरू! नमुना घ्यायच्या त्या चेंबरात मी मघापासून नळाच्या स्वच्छ पाण्याचा पाइप सोडलाय, म्हणून तर बसवून ठेवलं तुम्हाला. आणखी दहा मिनिटांत बाटली चकाकली असती. खाली, आमचं पाणी नदीत पडतं तिथे भरा. आणि तुमच्या साहेबांना आत्ताच सांगा, गावाची मोटर बंद करायला. —नाही, नाव माझंच लिहा, दुसऱ्या कुणाचं नाही.

उठा. बघताय काय माझ्याकडे? मला बहिणीला फोन करायचाय, आणि तुमच्यासमोर ते जमायचं नाही.