चार दिवस आधी

डॉक्टर: आधी बस बघू. काही खाल्लंस का?

मुलगी: खाण्याचं राहू द्या. हे औषध आईला आजच सुरू करा. एवढा मोठा अभ्यास झालाय, तुमच्यासारख्याच आयसीयूंमध्ये. औषध दिलेले पेशंट सरासरी चार दिवस आधी व्हेंटिलेटरवरून निघाले.

डॉक्टर: वाचलाय मी तो.

मुलगी: मग हातावर हात ठेवून का बसलात? रागावू नका. पण शाळेत गणित शिकवते मी, सरासरी मला कळते.

डॉक्टर: मग सांग. तुझ्या वर्गातली काही मुलं अर्ध्यातच शाळा सोडून गेली. शाळेतले दिवस त्यांचे कमी भरले. म्हणून ती लवकर पास झाली म्हणशील?

मुलगी: नाही. पण त्याचं इथे काय?

डॉक्टर: त्यांनी दिवस मोजताना सगळेच धरलेत. बरे होऊन निघाले ते, आणि गेले तेही. जो दुसऱ्या दिवशी गेला, त्याचे दोनच दिवस.

मुलगी: म्हणजे ते चार दिवस...

डॉक्टर: औषध दिलेल्यांत शंभरातले चाळीस गेले. न दिलेल्यांत एकतीस. पुढच्याच पानावर आहे.

मुलगी: पुढचं पान मी उघडलंच नाही. चार दिवस दिसले आणि पाय जमिनीवर ठरेनात.

डॉक्टर: तुझ्या जागी मीही तिथेच थांबले असते गं.

मुलगी: दुसरं काहीच नाही?

डॉक्टर: करण्यासारखं सगळं चालू आहे. पण कालपासून किडन्यांनीही साथ सोडलीय. खोटं नाही सांगणार, आशा फार थोडी आहे. आई आल्या त्या दिवशी मला म्हणाल्या होत्या, सुई टोचायला कुठे शिकलीस, गोणपाट शिवताना?

मुलगी: आईच ती. सकाळी मी बाबांना फोन केला, औषध सापडलं म्हणून. आज कुठे ते पोटभर जेवले. आता कोणत्या तोंडानं सांगू?

डॉक्टर: मी सांगते.

मुलगी: नको. आशा मी लावली, मलाच सांगायला हवं.

(बाबा पिशवी घेऊन आत येतात.)

बाबा: हिच्या चपला आणल्या गं. अँब्युलन्सच्या गडबडीत घरीच राहिल्या होत्या. पट्टा तुटला होता, शिवून घेतला.

मुलगी: बाबा, जरा बसा ना माझ्याजवळ.

बाबा: बसतो. आधी सांग, कॉटखाली ठेवू ना? उठली की लगेच सापडायला हव्यात.