फुकटातली सहल

अरे, लातुरात दोन-अडीच वर्षांच्या पोरीला घेऊन फुकटात फिरायचं म्हणजे आमचं ठिकाण ठरलेलं. रेल्वे स्टेशन. मुक्ताला गाडी दाखवायची आणि घरी यायचं.

त्या रविवारी आमच्याच बाकावर भोकरचे एक काका बसले होते. लेकीला क्लाससाठी हॉस्टेलवर सोडून एकटेच परत निघाले होते. तिच्याबद्दल बोलता बोलता त्यांना रडूच फुटलं. माझ्या बायकोनं त्यांच्यापुढं पाण्याची बाटली धरली.

तेवढ्यात मुक्ता त्यांच्यापाशी गेली. ओठांवर बोट ठेवून हळूच म्हणाली, "ललू नको. बाबा मालतील."

आजूबाजूची माणसं माझ्याकडं बघायला लागली. बायकोनं मान खाली घातली. मी घाईघाईनं म्हणालो, "मारत न्हाई हो मी! लईच रडायला लागली की नुसतं भेव दाखवतो."

काकांनी डोळे पुसले, मुक्ताला जवळ घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "हाव, खरं असंल. पण ते नुसतं भेव हाय, हे तिला कुठं ठाव हाय?"